हरिदासचा करार

२१ जून २००४, सोमवार

आजपासून वडसा इलेव्हनचा मॅनेजर मी. कोणी नेमलं म्हणाल तर माझं मीच.

गेल्या आठवड्यात पोस्टरची शाई आणायला नागपूरला गेलो होतो, तेव्हा बर्डीच्या फुटपाथवर एक सीडी मिळाली. फुटबॉलचा गेम आहे, पण यात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ चालवायचा असतो. कोणाला घ्यायचं, किती वर्षांच्या करारावर घ्यायचं, पगार काय द्यायचा आणि कोणाला रामराम करायचा, हे सगळं मॅनेजरनं ठरवायचं. सामना सुरू झाला की हिरव्या चौकोनावर बावीस ठिपके पळतात आणि आपण हनुवटीला हात लावून बघत बसायचं. मला हा प्रकार फार आवडला. लहानपणापासून मी दुसरं काय करत आलोय?

वडशातल्या आमच्या ऑफिसात सध्या चिटपाखरू नाही. आमची नाटक कंपनी दिवाळीला बाहेर पडते ती होळीपर्यंत गावोगाव फिरते. पावसाळ्यात पडदे गुंडाळून माळ्यावर, कलाकार आपापल्या घरी, आणि इथे मी, कंप्युटर आणि कौलांवरचा पाऊस. माझं काम पोस्टर बनवायचं. ते ऑगस्टशिवाय सुरू होत नाही.

गेममध्ये नावं बदलता येतात. दुपारभर बसून इंग्लंडातल्या खालच्या डिव्हिजनचा एक गरीब संघ अख्खा वडशात आणला. गोलकीपर पोचू, आमचा लाइटवाला, कारण तो अंधारातही फेकलेली वायर झेलतो. पुढे गोल मारायला आमचे विनोदी नट लटारूभाऊ, कारण ते कुठूनही घुसतात. आणि मागे, बचावाच्या मधोमध, कर्णधार हरिदास. वय ३४.

हरिदास म्हणजे माझे बाबा. खरं वय चोपन्न. कंपनीत राजा, थोरला भाऊ, पाटील, शेवटच्या अंकात पश्चात्ताप होणारा बाप, ही सगळी कामं त्यांची. गेममध्ये मी त्यांची वीस वर्षं कमी केली. मॅनेजरला एवढाही अधिकार नसेल तर काय उपयोग!

२६ जून

कळायला चार दिवस लागले, पण खरा खेळ सामन्यात नाही, करारांत आहे.

संघाचं संचालक मंडळ एक मर्यादा घालून देतं. सगळ्या खेळाडूंचा पगार मिळून त्या रेषेच्या वर जाता कामा नये. आपण रेषेच्या आत असलो की मंडळ गोड बोलतं. एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याला घ्यायला जागा उरत नाही. मला डावीकडून पळणारा एक पोरगा हवा आहे, एकोणीस वर्षांचा, हरणासारखा. त्याचा दलाल रोज निरोप पाठवतो. पण माझ्या रेषेत जागा नाही, कारण सगळ्यात मोठा पगार कर्णधार हरिदासचा. त्याचा वेग गेल्या वर्षापेक्षा कमी झालाय आणि करार या हंगामाअखेर संपतो.

शहाणा मॅनेजर काय करील ते मला माहीत आहे. मी हरिदासला दोन वर्षांचा नवा करार दिला. पोराला म्हटलं, थांब.

आमच्या खऱ्या कंपनीतही अशी रेषा आहे, आज पहिल्यांदाच लक्षात आलं. ती म्हणजे मॅटाडोर. गाडीत सामानासकट बावीस माणसं बसतात. तेविसावा बसला की मागचं चाक बसतं. म्हणून गिरजाबाई बावीसच माणसं घेतात. बाईंचे यजमान कंपनी काढून वारले, तेव्हापासून बाईच सगळं बघतात. कागदावर करार कधी कोणाशीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बाई एकेका नारळाला अंगठ्यानं कुंकू लावतात आणि कलाकाराच्या घरी पाठवतात. नारळ आला की तुम्ही यंदा कंपनीत. नाही आला तर नाही. कोणी कोणाला ‘तुला काढलं’ म्हणत नाही. नारळ घरात फोडायचा आणि पहिला तुकडा ज्याचा नारळ त्यानं खायचा. मग बाकीच्यांनी. आमच्या घरी दरवर्षी बाबा पहिला तुकडा खातात, डोळे मिटून, देवाचं नाव घेतल्यासारखे.

आणखी एक नियम आहे. एका घरात एकच नारळ. पूर्वी दोन भाऊ कंपनीत होते, ते भर नाटकात खरोखरच्या तलवारीनं भांडले, तेव्हापासून. त्यामुळे बाबा आहेत तोवर मी पोस्टरवाला. माझी काही तक्रार नाही. नुसतं लिहून ठेवलं.

३ जुलै

बाबांची काळजी वाटते ती इथेच लिहितो, घरी बोलायची सोय नाही.

फेब्रुवारीत सावली तालुक्यातल्या एका गावात तिसऱ्या अंकात त्यांचा आवाज गेला. राजा सिंहासनावरून उठला, हात वर केला, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. लटारूभाऊ विंगेतून धावत आले आणि म्हणाले, “महाराज इतके रागावले हायेत का शब्द बी भेऊन पयाले!” लोक हसले, वेळ निभावली. पण मी विंगेत उभा होतो. बाबांचा हात पडदा पडेपर्यंत वरच होता.

तेव्हापासून ते रोज सकाळी हळद घातलेलं दूध पितात आणि तलावावर जाऊन एकटेच बोलतात. आम्ही मूळचे मासेमारी करणारे. पावसाळ्यात बाबा डोंग्यात, आमच्या लहान होडीत, असतात. लांबून पाहिलं तर वाटतं, कमळांना हुकूम सोडतायत.

यंदा त्यांचा नारळ आला नाही तर ते काय करतील, हे मला डोळ्यापुढे आणता येत नाही. म्हणून आणत नाही.

१२ जुलै

आज गिरजाबाई ऑफिसात आल्या. छत्री कोपऱ्यात उभी केली आणि माझ्या मागे येऊन थांबल्या. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी खुर्ची ओढली.

“हे काय हाय गा?”

मी सगळं समजावून सांगितलं. करार, मुदत, पगाराची रेषा, दलाल. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. नाटक कंपनीच्या मालकिणीला हे कळायला वेळ लागत नाही.

“अन् एखादा म्हातारा झाला तर? तवा काय करतं तू?”

“बाई, तिशी ओलांडली का एका वर्षाच्या वर करार नाई द्याचा. अन् पाय मंदावले का हात जोडायचे. माणूस मोठा असला तरी. त्याच्या पगारात दोन जवान पोरं येतेत.”

मी हे अगदी झोकात सांगितलं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही हे बरं. नाही तर सर्वांत वरच्या पगारापुढे कोणाचं नाव आहे ते दिसलं असतं.

“वाईट नाई वाटत तुले?”

“मॅनेजरनं वाईट वाटून घेतलं तर संघ बुडते, बाई.”

“खरं हाय,” त्या म्हणाल्या. मग उगाचच माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या लटारूभाऊंबद्दल विचारत होत्या! भाऊंचं पिणं वाढलंय, हे सगळ्यांना माहीत आहे. मला फार वाईट वाटलं. उद्याच बाईंना सांगतो, लटारूभाऊंना ठेवा म्हणून.

१३ जुलै

सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, “लटारूले कोन काढून राह्यलं? तो गेला तर हसवन कोन?”

मग कोणाबद्दल विचारत होत्या?

२० जुलै

काल दुपारी वीज गेली आणि मी टेबलावर डोकं ठेवून झोपलो. स्वप्न पडलं.

आमच्या तलावावर सामना चालू होता. पाण्यावरच. खेळाडू ठिपके नव्हते, कंपनीची माणसं होती, नाटकातल्या कपड्यांत. पोचू दोन बांबूंच्या मधे उभा. लटारूभाऊ शिंगाड्याच्या वेलांत पाय अडकून पडत होते आणि प्रेक्षक काठावर पोती अंथरून बसले होते. बाबा राजाच्या पोशाखात मधोमध. चेंडू वर उडाला, खूप वर, मोहाच्या झाडांच्याही वर, आणि खाली येईना. बाबा मान वर करून त्याच्याखाली उभे राहिले, इकडे पाऊल, तिकडे पाऊल. पाण्यावर त्यांच्या पावलांची गोल वलयं उठत होती. मी काठावरून ओरडत होतो, “बाबा, सोडा, दुसरा घेईल!” पण माझ्या तोंडातून नुसती हवा.

जाग आली तेव्हा पंखा सुरू झाला होता. किती गोड स्वप्न होतं ते सांगता येत नाही, भीतीही वाटली आणि ते संपू नये असंही वाटलं.

४ ऑगस्ट

यंदा अधिक महिना आल्यामुळे पोळा लांबलाय. सगळं लांबल्यासारखं वाटतं. दुपारी पाऊस थांबतो तेव्हा बांबूच्या बनातून धूर निघतो तशी वाफ निघते आणि वडशाच्या रस्त्यावरून जाणारी माणसं तरंगत गेल्यासारखी दिसतात.

आज बाबा गावाहून वडशाला आले होते. सकाळी म्हणाले, जाळ्याचा धागा आणतो. धागा आणायला कोणी धुतलेलं धोतर आणि कोसल्याचा रेशमी सदरा घालत नाही, पण आई काही बोलली नाही, म्हणून मीही नाही बोललो. दुपारी मी चहाला बाहेर पडलो तर बाबा गिरजाबाईंच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडत होते. बाई दारापर्यंत आल्या होत्या. पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. बाबांनी त्यांना हात जोडले, बाईंनी बाबांना जोडले. दोघेही बराच वेळ तसेच.

मला हायसं वाटलं. बाबा स्वतः जाऊन बोलून आले म्हणजे नारळाचं पक्कं झालं असणार. उगाच का कोणी इतका वेळ हात जोडतं!

धागा मात्र ते विसरले.

५ ऑगस्ट

गिरजाबाईंनी विचारलं, गावोगाव जाऊन नाटकांचं बुकिंग करशील का? नाटक बोलावणाऱ्या गावच्या मंडळाच्या लोकांशी बोलता येईल का? मी म्हटलं, येईल की. हे काम बाबा करतात, त्यांना सोबत म्हणून पाठवत असतील.

“पन आवाज मोठा ठेवजो,” त्या म्हणाल्या. “पुटपुटू नोको.”

१५ ऑगस्ट

सुट्टी. बाबांनी मला डोंग्यात नेलं. कित्येक वर्षांनी. मी पुढे, ते मागे, मधे जाळं. तलाव काठोकाठ भरलाय, झाडं पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी. बोटभर मासळी मिळाली, पण बाबांचं लक्ष जाळ्यात नव्हतंच. ते बोलत होते. आवाज बसका येतो आता, पाण्यावरून आला की जास्तच.

“मूल तालुक्यातल्या गावात गेलास त मंडळाच्या पोराईसंग बोलू नोको. वाड्याजवळच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी पयले जाजो, पानी मांगजो. तिनं हो म्हंटलं का गाव हो म्हंते.”

“हो.”

“स्टेजची पाठ तलावाकडं ठेवाले सांगजो. नाई त वारा आवाज घेऊन जाते.”

“हो बाबा.”

“पोचूले तिसऱ्या अंकाच्या आंधी चाय दे. नाई त झोपते अन् लाइट तसाच राह्यते. अन् नटीले गाडीत पुढं बसव, तिले उलटी होते.”

असं तासभर. मी मनात म्हटलं, हे यंदाच्या हंगामाची उजळणी करून राहिलेत. चांगलं लक्षण आहे. मग मी गेमची गोष्ट काढली. सांगितलं की हरिदास नावाचा कर्णधार आहे आणि तो अजूनही संघात आहे.

बाबा वल्हं थांबवून म्हणाले, “बुढा हाय का?”

“छत्तीस. फुटबॉलमधी बुढाच.”

“पयते?”

“कमी पयते. पन त्याले कुठी उभं राहाचं ते समजते.”

“अन् त्याच्या जाग्यावर कोनी वाट पाहून राह्यलं का?”

मी म्हटलं, आहे एक पोरगा. बाबांनी पुन्हा वल्हं हातात घेतलं. डोंगा बराच वेळ कमळांमधून सरकत राहिला, पानं तळाला घासत होती, आणि मला वाटलं, आयुष्यभर असंच सरकत राहावं.

२३ ऑगस्ट

गेममध्ये घात झाला.

निरोप आला: हंगाम संपताच निवृत्त होण्याचा निर्णय हरिदास यांनी जाहीर केला आहे. मला न विचारता! मॅनेजर मी, त्याच्यासाठी पगाराची रेषा मोडायला निघालेला मी, संचालक मंडळाची बोलणी खाल्ली मी, हरणासारखा पोरगा दोन हंगाम ताटकळत ठेवला मी, आणि हा गृहस्थ परस्पर जाहीर करून मोकळा.

नवा करार पुढे केला. उत्तर आलं, खेळाडू बोलणी करू इच्छित नाही. पगार वाढवला. इच्छित नाही. मग मी सेव्ह केलेली जुनी फाईल उघडली आणि दोन महिने मागे गेलो. त्याला कमी सामने खेळवले, विश्रांती दिली, जिंकवलं. तारीख आली आणि तोच निरोप. पुन्हा मागे गेलो. पुन्हा तेच.

लटारूभाऊ तंबाखूची चंची सोडून शेजारी बसले होते. आज पिऊन आले नव्हते. मी त्यांना हे सगळं तणतणत सांगितलं. ते पडद्यावरच्या नावाकडे बघत राहिले. हरिदास एवढं इंग्रजी त्यांनाही वाचता येतं.

“जाऊ दे ना बापा त्याले,” ते म्हणाले. “त्यानं सोताहून सांगतलं ना?”

“पन काऊन? मी काढून नाई राह्यलो त्याले!”

“म्हनून त,” भाऊ म्हणाले, आणि नाक पुसत उठून गेले. तंबाखूची चंची इथेच विसरले.

त्यांना गेममधलं काय कळतंय.

६ सप्टेंबर

चंद्रपूरहून अश्विन नावाचा एक पोरगा आला होता. पंचवीसेक वर्षांचा, खांद्यापर्यंत केस, खिशात मोबाईल. गिरजाबाईंनी त्याला मागच्या अंगणात उभं करून राजाचं भाषण म्हणायला लावलं. मी खिडकीतून ऐकलं. पोपटासारखं म्हणतो, पण आवाज असा की पेरूच्या झाडावरचे राघू उडाले.

एक राजा असताना दुसरा कशाला?

बारा जुलै आठवली. ‘पाय मंदावले का हात जोडायचे.’ हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं, झोकात. बाई कोणाबद्दल विचारत होत्या ते आज कळलं. आणि त्या दिवशी मागच्या दारात हात जोडून उभ्या होत्या, त्या बाबांना नकार देत होत्या! सगळं बरोबर जुळतंय. मी किती मूर्ख.

गेममध्ये मी हरिदासला कधीच सोडलं नाही हे बाईंना सांगितलं असतं तर?

१४ सप्टेंबर, पोळा

गावात बैल सजले. आमच्याकडे बैल नाहीत, डोंग्याला आईनं हळदकुंकू लावलं. बाबा डोंग्यापुढे उभे राहिले आणि जुनं राजाचं भाषण म्हणाले, पुरतं, हळू आवाजात, एकही शब्द न चुकता. आई ऐकत होती. मी ऐकत होतो. काठावरची ढोरं पाणी पीत होती.

मग म्हणाले, “उद्या नारळ येईन.” आणि हसले.

मला तिथे थांबवेना.

१५ सप्टेंबर, तान्हा पोळा. वडशात, दुपार

घाईत लिहितोय. गाडीला किक मारण्याआधी लिहिलं नाही तर फुटेन.

सकाळी बाईंच्या अंगणात नारळांचा ढीग. बाहेर पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, चाकांचा खडखडाट. बाई पाटावर बसून एकेक नारळ उचलत, अंगठ्यानं कुंकू लावत, नाव घेत आणि मी पोत्यात टाकत होतो. लटारू. पोचू. अश्विन. प्रत्येक नारळाला मी मनात म्हणत होतो, आता हरिदास. आता हरिदास. शेवटचा एक उरला. बाईंनी त्याला कुंकू लावलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“अन् हा तुया.”

“माया?”

“बुकिंग, गाडी, मानसं, सगळं तू पाह्यजो. मॅनेजर म्हन ना तुया भाषेत.”

ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं मनातल्या मनात रांगेत उभा होतो ती हातात आली, आणि मी अंगणात आणखी एखादा नारळ उरलाय का ते बघायला लागलो.

“अन् बाबाचा?”

“बावीस झाले.”

“बाई, मी ते गेममधलं खोटं सांगतलं होतं. मी हरिदासले कधीच नाई काढलं. रेषा मोडली पन नाई काढलं. तुमी माया बोलन्यावर...”

“भूपेश,” बाई म्हणाल्या, “तुया गेमचा यात काई संबंध नाई. घरी जाय. हरिदासभाऊले माया नमस्कार सांगजो.” आणि पदराचं टोक तोंडावर धरून आत गेल्या.

मला बरं वाटावं म्हणून त्या तसं म्हणाल्या, एवढं मला कळतं.

आता एकवीस घरं. पण मी ठरवलंय. माझ्या नारळावर माझं नाव थोडंच लिहिलंय? सगळ्या नारळांवर तोच अंगठा. हा मी बाबांच्या हातात देणार आणि म्हणणार, कंपनीकडून. हंगामात मी टपावर बसून जाईन, नाही तर इथे पोस्टर करीन. बाईंच्या पाया पडेन. पण बाबा पहिला तुकडा खातील.

१६ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

आरमोरी, कुरखेडा, पुलावरून ब्रह्मपुरी. वैनगंगा दोन्ही काठ सोडून वाहत होती आणि पुलावर गाडी नव्हे, मीच वाहत चाललोय असं वाटत होतं. प्रत्येक घरी माणसं दारात उभी होती. नारळ घेताना म्हातारे म्हातारे नट लहान पोरांसारखे हसत होते. गेममध्ये करारावर सही झाली की एक ओळ दिसते फक्त. हे असं काही दिसत नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, कोसल्याचा सदरा, केसांना तेल. आई दारात. दोघांनी मला येताना पाहिलं आणि बाबा उठून उभे राहिले, जसे सिंहासनावरून उठतात.

मी पोत्यात हात घातला, नारळ काढला आणि त्यांच्या पुढे धरला. इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं, पण “कंपनीकडून” एवढाच शब्द बाहेर आला.

बाबांनी दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. कुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गिरजाबाईनं काई निरोप देल्ला?”

“नमस्कार सांगतला.”

“हं.”

आईनं तांब्या आणला. बाबा उंबऱ्याजवळच्या दगडापाशी उकिडवे बसले आणि एका घावात नारळ फोडला. पाणी तांब्यात पडलं, थोडं मातीवर. चाकूनं पहिला तुकडा सोडवला, पांढरा, मोठा. मी बघत होतो. आता डोळे मिटतील, आता खातील. खाल्ला की झालं, मग नारळ त्यांचा, मग कोणाच्या बापाला तो परत घेता येणार नाही.

“इकडं ये,” ते म्हणाले.

मी जवळ गेलो.

“आ कर.”

मला कळेना. मी तोंड उघडलं ते काहीतरी बोलायला. बाबांनी तो तुकडा माझ्या तोंडात घातला आणि हात माझ्या गालावर तसाच ठेवला. हाताला मासळीचा आणि खोबऱ्याचा वास येत होता. आई पाठमोरी होऊन चुलीकडे गेली.

“पानी गोड निंगालं यंदा,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ होता. पार मागच्या पोत्यावर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असा.

मग त्यांनी दुसरा तुकडा आईला नेऊन दिला आणि सगळ्यात शेवटी एक लहानसा स्वतः खाल्ला.

मी चावत राहिलो. तोंड भरलेलं होतं आणि डोळेही. नारळ कोणाचा हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी तर नाव घेतलंच नव्हतं.